चार बोटं

कार्डं दोन. एक माझं, एक उबेदचं.
जिंतूर रोडचा सायबर कॅफे बंद पडला तेव्हा
मालकानं खुर्च्या किलोवर काढल्या
आणि ही जुळी, पंख्यात केसांचा गुंता,
पाठीवर पितळी दात,
आम्हाला दिली निम्म्या पैशात.
एकट्या कार्डावर खेळ अडखळायचा.
दोन्ही एका बोर्डावर बसवली तर पळेल म्हणे.

म्हणून बोर्ड.

परभणीचा मे. पिंगळीकरांच्या दुकानात
कूलर नुसतीच हवा ढकलायचा.
पिंगळीकर आधी रेडिओ दुरुस्त करायचे,
अजूनही बोर्ड हातात आला की आधी वास घेतात.

पहिल्याला लांब खाच एकच.
दुसऱ्याला दोन, एक लाल, एक काळी.
"येइच लेंगे," उबेद म्हणाला, "बांध डालो."
पिंगळीकरांनी चष्मा कपाळावर चढवला,
बोर्ड पालथा करून
खालच्या खाचेचे डाख नखानं मोजले.
"वैजनाथ, बाहेरून सोळा दिसायलेत, आत चारच वाटा.
गेट मंगल कार्यालयाचं, खोली पानटपरीएवढी.
तुम्हाला आठ-आठ वाटून देणारा पाहिजे.
दुसरं कार्ड बसलं
की पहिल्यानं आपल्या आठ सोडायच्या."

उबेदनं माझ्याकडं बघितलं.
मी कूलरकडं.
कम्प्युटर कुणाच्या घरी राहणार
ते तोवर बोललोच नव्हतो.

तिसरा आठ-आठचा, पण खाचा शेजारी शेजारी.
पिंगळीकरांनी कार्डं पुठ्ठ्यावर मांडली,
मधे बोटं घातली: एक, दोन,
तिसरं अडकलं.
"खालच्याची वाफ वरचं पिणार.
थंड गावात चालंल. इथं नाही.
चार बोटं जागा पाहिजे."
आणि पाचव्यांदा चहा सांगितला,
पैसे आमच्या खात्यावर.

चार बोटांचा बोर्ड शेवटी सिकंदराबादहून आला,
उबेदच्या मामेभावाबरोबर, रात्रीच्या गाडीनं,
बेकरीच्या पिशवीत, बिस्किटांच्या खाली.
अकरा हजार.
सहा माझे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून भरून जमवलेले.
पाच त्याचे, गाद्यांचे.
दोन कार्डांना जोडणारी बोटभर पट्टी
मामेभावानं फुकट मागून आणली.

नद्दाफांच्या दुकानात दिवसभर कापूस उडायचा,
म्हणून कम्प्युटर माझ्या घरी.
हे कारण खरं होतं.
तरी उबेद दोन दिवस आला नाही.

मग कळलं, निम्म्या खेळांना
दोन कार्डं चालवताच येत नाहीत.
वरचं राबायचं, खालचं नुसतं गार बसायचं.
"तेरा कार्ड खेल रहा, मेरा बैठा है," तो म्हणाला,
हसत, पण म्हणाला.
त्या सोमवारपासून दर सोमवारी
आम्ही कार्डं खालीवर करायचो.
स्क्रू मी काढायचो, पट्टी तो बसवायचा.
एवढ्या काढघालीनं बोर्ड झिजतो,
हे पिंगळीकरांना सांगितलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात उबेदचं कार्ड गेलं.
पडद्यावर हिरव्या रेघा, मग तेही नाही.
त्याच दिवाळीत त्यानं पाथरीला दुकान टाकलं.
पाथरी काही लांब नाही.

पिंगळीकर म्हणतात, "ते मेलेलं काढून टाक की.
कार्ड जितं का मेलं, बोर्ड इचारत नाही,
बसलंय एवढं बघतो अन् आठ वाटा देऊन टाकतो.
काढलंस तर तुझ्या सोळा परत येतील."
उबेदही फोनवर म्हणाला,
"कायकू रखा रे? निकाल दे."

परवा काढलं.
मऊ ब्रशनं पुसलं.
पंख्याच्या बुडातून कापसाचा एक तंतू निघाला,
बोटाला चिकटला, सुटेचना.
पितळी दात खोडरबरानं घासले
आणि परत खालच्या खाचेत दाबलं.
कट्ट झालं.

खेळ जरा अडखळतो.
चालतंय.